घोडा येतो की एलम

रविवारी संध्याकाळी एशांच्या घरात कुणी स्वयंपाकाला हात लावत नाही. दुपारचं उरलंसुरलं, पुदिन्याचा गार चहा आणि परातभर पॉपकॉर्न, एवढ्यावर सगळ्यांचं भागतं. त्या रविवारीही सुविला व्हरांड्याच्या पायरीवर परात मांडीवर घेऊन बसली होती. मागे झोपाळ्यावर तिचे आईबाप, मॅम आणि डॅट. दोघं मिळून डॅटच्या चुलतभावाच्या गाईबद्दल बोलत होते, म्हणजे डॅट बोलत होता आणि मॅम "हं" म्हणत होती.

उन्हाळा सरत आला की मका माणसाच्या डोक्यावर जातो आणि व्हरांड्यातून रस्ता दिसेनासा होतो. कोण येतंय ते मग कानानं ओळखायचं. सुविलाचे कान त्या बाबतीत फार तयार. म्हणूनच मक्याआडून टापा ऐकू आल्या तेव्हा तिच्या हातातला घास हातातच राहिला. तीन टापा ठणठणीत, चौथी जरा हलकी. पुन्हा तीन ठणठणीत, चौथी हलकी.

कॅप्टन! मर्विनचा कॅप्टन!

परात कलंडली, पॉपकॉर्न पायऱ्यांवरून कोंबड्यांच्या ताब्यात गेले, आणि सुविला उभी राहून डोक्यावरची पांढरी टोपी सारखी करायला लागली. वेडी आशा म्हणतात ती हीच. हा मर्विन दोन वर्षं एकाआड एक रविवारी हिच्या दारात बग्गी उभी करत होता. मग इंडियानाला मावसभावाच्या लग्नाला म्हणून गेला आणि तिथंच स्वतःचं लग्न उरकून बसला. निरोपसुद्धा धाडला नाही पठ्ठ्यानं. घोडा तेवढा भावाला सांगून लिलावात काढला. आणि इतकं होऊन त्याच घोड्याची चाहूल लागताच ही बया टोपी सारखी करते! मागाहून सुविलाला स्वतःची इतकी चीड आली की तिनं रात्रीची सगळी भांडी दोनदा घासली.

बग्गी मक्यातून बाहेर आली, अक्रोडाला वळसा घालून खुंटाशी थांबली. कॅप्टननं मान खाली घातली आणि नाकानं खुंट हुंगला, घरी आल्यासारखा. बग्गीत मात्र मर्विन नव्हता. तोंडावर टोपी ओढून कुणीतरी घोरत होतं.

"अरे एलम!" डॅट ओरडला. "मुक्कामाला आलायस की नुसता घोरायला?"

टोपी खाली पडली. एलम पीटर्सहाइम. ओढ्यापलीकडे बग्ग्यांची चाकं दुरुस्त करतो तो. तिशी उलटली तरी हनुवटी गुळगुळीत. आमच्या जुन्या वळणाच्या पंथात मोटार नाही, घरात फोन नाही, आणि माणूस लग्न झालं की दाढी राखतो, त्यामुळे एलमची सगळी कहाणी त्याच्या हनुवटीवरच दिसायची. लाजाळू तर इतका, की गिऱ्हाइकाशी बोलताना चाकाकडे बघायचा.

"मी… हे कुठं आलो मी?"

"एशांकडे. मला काय विचारतोस? घोड्याला विचार. त्याला पत्ता पाठ आहे."

एलमनं हळूहळू इकडेतिकडे पाहिलं, खुंट पाहिला, सुविला पाहिली आणि त्याचे कान लाल झाले. घोडा वसंतातल्या लिलावात घेतला होता, भावाकडून जेवून परत चालला होता, जेवण जरा जास्त झालं, डोळा लागला, असं काहीबाही तो चाकाला सांगत राहिला. त्यात त्याचंही काही चुकलं नव्हतं. भरल्या पोटी लगाम सैल सोडून झोपण्यात आमच्याकडे कुणाला काही वाटत नाही, घोडा घरी नेतोच. फक्त घोड्याच्या मते घर कुठलं, हे घेताना विचारून घ्यावं.

मॅमनं त्याला चहा दिला. तो त्यानं उभ्याउभ्या एका घोटात संपवला आणि पळाला.

पुढच्या खेपेला भावाकडे जेवून निघाला आणि पुन्हा आला. पुन्हा झोपलेला. त्याच्या पुढच्या खेपेला मात्र तो टक्क जागा होता, लगाम दोन्ही हातांत होता, आणि तरी बग्गी अक्रोडाला वळसा घालून खुंटाशीच आली.

"फार हट्टी आहे," तो कॅप्टनकडे बोट दाखवून म्हणाला.

"आहे खरा," डॅट म्हणाला. "जागं राहूनसुद्धा आवरत नाही म्हणजे काय!"

मॅमनं डॅटच्या पायावर पाय दिला.

मग एलम पायरीवर बसायला लागला. बोलायचा नाही. पाणी उपसायच्या पवनचक्कीचं चाक कधीपासून किरकिरत होतं, ते त्यानं न विचारता वर चढून नीट केलं आणि खाली येऊनही त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. सुविला बोलायची आणि तो ऐकायचा. ऐकायचा मात्र असा, की मागच्या खेपेला कुठं थांबली होती ते तिच्याआधी त्याला आठवायचं. एकदा ती त्याला बाजारातली गंमत सांगत होती. शुक्रवारच्या बाजारात तिचा प्रेट्झेलचा, म्हणजे पीळ घातलेल्या खाऱ्या पावाचा, ठेला असतो. कुणी शहरातली बाई येऊन म्हणाली, "इतके एकसारखे प्रेट्झेल! तुमच्यात मशीन चालत नाही ना? मग वळते कोण?" सुविलानं सांगितलं, "आहे एक मशीन. पहाटे उठतं, दिवसभर उभं राहतं, आणि फोटो काढलेला त्याला आवडत नाही." एलमला असं हसू फुटलं की चहा नाकातून आला. खोकत, डोळे पुसत तो कितीतरी वेळ हसत राहिला. ते पाहून सुविलाला वाटलं, या माणसाला रोज हसवायला आपल्याला आवडेल.

आणि तिथंच तिच्या जिवाला घोर लागला. कारण येत होतं कोण? एलम, की कॅप्टन? हा माणूस आपल्यासाठी येतोय, की मर्विननं लावलेल्या सवयीपायी घोडा येतोय आणि हा भिडस्त गडी नुसता मागे बसून येतोय? खुंटाला बांधलेल्या त्या मुक्या जनावराकडे बघून तिला कळेना. माणसाकडे बघून तर त्याहून कळेना.

शुक्रवारी डोना तिला मोटारीतून बाजारात नेते. आमच्यासाठी बाहेरच्या जगातले सगळे इंग्रजच, मग ते पोलंडचे का असेनात. डोनाही त्यातलीच. तिला सुविलाच्या तोंडावरून सगळं कळायचं.

"विचारून टाक ना एकदाचं," डोना म्हणाली. "घे माझा फोन."

"त्याच्याकडे कुठला फोन?"

"ओढ्यापलीकडे ते फोनचं खोपटं आहे की. त्याच्यावर निरोप ठेव."

"ठेवते! आणि ते खोपटं सगळ्या आळीचं. निरोप आधी सगळी आळी ऐकणार, मग मला येऊन सांगणार, आणि सगळ्यांत शेवटी एलमला कळणार."

"माझी गाडी तरी बाई अशी आपणहून कुणाच्या दारात जात नाही."

डॅट मागे ट्रे चढवत होता. तो म्हणाला, "आता तुमच्याकडे आपणहून चालणाऱ्या गाड्या निघाल्यात म्हणे. आमच्याकडे पहिल्यापासून आहेत. फक्त आमच्या गाड्या जुन्या मालकाला विसरत नाहीत, एवढंच."

डोना खळखळून हसली. सुविला खिडकीबाहेर बघत राहिली. डॅटच्या ते लक्षात आलं आणि त्यानं पुढचा विनोद गिळला. डॅटनं विनोद गिळणं म्हणजे प्रकरण गंभीरच.

पुढच्या रविवारी एलम निघाला तेव्हा सुविला त्याच्याबरोबर खुंटापर्यंत गेली. मनाशी दहादा घोकलेलं वाक्य अकराव्यांदा घोकून तिनं बोलून टाकलं.

"एलम, खरं सांग. तू येतोस, की घोडा येतो?"

एलमचे कान पेटले. त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली, चाकाकडे पाहिलं. त्याच्या मनात काय काय असेल ते देव जाणे. तोंडातून बाहेर आलं ते एवढंच:

"घोडाच वळतो."

"असं होय," सुविला म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "मग त्याला समजावून सांग, मर्विन आता इथं भेटत नाही. आणि तू उगाच झोपमोड करून घेऊ नकोस."

ती वळली आणि घरात गेली. मागे बराच वेळ बग्गी हलल्याचा आवाज आला नाही. मग आला.

स्वयंपाकघरात मॅम तिच्याकडे न बघता मुरंब्याच्या बरण्या पुसत होती. "फार तोडून बोललीस."

"मग काय करू मॅम? एकदा फसले ते फसले. आता काय घोड्याशी संसार मांडू?"

आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच सुविला रडली. मर्विन गेला तेव्हा ती रडली नव्हती, रागावली होती. एलम जाताना दोन खरे शब्द बोलला असता तर तिनं याच्याहून वाईट उत्तरही हसून ऐकलं असतं. ते त्याला जमलं नव्हतं, आणि त्याचंच तिला वाईट वाटत होतं.

त्यानंतरच्या रविवारी कुणी आलं नाही. पॉपकॉर्न तसेच राहिले. डॅट म्हणाला, "कॅप्टन आजारी असेल बिचारा," आणि कुणी हसलं नाही म्हणून गोठ्यात निघून गेला. सुविलानं झालं ते झालं म्हणून मनाची समजूत घातली. मनानं ती काही घालून घेतली नाही.

पुढचा रविवार आला. मका कापून झाला होता, रस्ता आता लख्ख दिसत होता. तरी सुविला तिकडे पाठ करूनच बसली होती. आधी तिला आवाज आला. टापा नव्हत्याच त्या म्हणायच्या. पाय ओढत चालल्यासारखं काहीतरी, आणि मधूनमधून एका माणसाची काकुळती: "चल गं बाई. आता हे शेवटचं. चल."

तिनं वळून पाहिलं. वाटेवरून एलम येत होता. बग्गीत नव्हता, पुढे चालत होता. गुडघ्यापर्यंत धूळ, टोपी मागे सरकलेली, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. एका हातानं त्यानं आमच्या बिशप योस्टच्या पॉली घोडीला धरलं होतं आणि जवळजवळ ओढत आणत होता.

पॉलीला आमच्याकडे कोण ओळखत नाही! बिशप वर्षानुवर्षं तिलाच जुंपून घरोघरी जातो. कुणाचं बिनसलंय, कुणाचं दुखतंय, कुणाच्या पोरानं कपड्यात रेडिओ लपवलाय, सगळीकडे पॉलीच. त्यामुळे आमच्यातलं कुठलंही घर आलं की ती थांबते. घरातलं कुणी बाहेर येऊन चार शब्द बोलल्याशिवाय ती पुढे पाऊल टाकत नाही, मग बग्गीत बिशप असो की बटाट्याची पोती.

"पॉली?" डॅट झोपाळ्यावरून उठलाच. "बिशप कुठंय? कुणी काय पाप केलं इथं?"

"बिशप घरी आहे," एलम धापा टाकत म्हणाला. "मी एकटाच आलोय."

सुविला पायरी उतरली. "कॅप्टन कुठंय?"

"घरी. दार लावून ठेवलंय. त्याला आणला असता तर तू पुन्हा तेच म्हणाली असतीस."

"मग चालत यायचं."

"चालत आलो असतो तर म्हणाली असतीस, पायच वळतात."

सुविलानं ओठ घट्ट दाबले. हसू आवरायला फार कष्ट पडत होते.

"म्हणून म्हटलं," एलम सांगायला लागला, आणि आज तो चाकाला सांगत नव्हता, "असा घोडा बघावा, ज्याला तुझ्याकडे यायची जराही हौस नाही. मागच्या रविवारी मिळाला नाही. भावाच्या घोड्याचा नाल निघालेला, दुसरे देईनात. मग बिशपकडे गेलो. तो म्हणाला, पॉलीला ने. म्हणताना हसला. का हसला ते मला पहिल्या दाराशी कळलं."

"कुणाचं दार?"

"झूकांचं. ही उभी राहिली ती राहिली. म्हातारा झूक बाहेर आला. म्हणाला, बिशप नाही? मग तू कुठं निघालास? मी म्हटलं, सहज, हवा खायला. पॉली हलेना. म्हातारा म्हणाला, पोरा, खरं सांग. थापा मारल्या की ही हलत नाही."

"मग?"

"मग खरं सांगितलं."

"काय खरं?"

एलमनं टोपीला हात घातला, पण काढली नाही. "की बेनुएल एशच्या सुविलाला भेटायला चाललोय."

झोपाळ्याची करकर थांबली. मॅमनं डॅटचा हात धरून ठेवला होता, तो मध्येच काही बोलेल म्हणून.

आमच्याकडे मुलामुलीचं जमलेलं कुणी तोंडावर आणत नाही. शरदात बिशप प्रार्थनेनंतर नावं वाचून दाखवतो, तोपर्यंत आईबापसुद्धा आपल्याला काही माहीत नाही असंच दाखवतात. आणि हा मुखदुर्बळ माणूस भर उजेडात, दारोदार थांबून, स्वतःच्या तोंडानं दवंडी पिटत आला होता.

"आणि हलली?" सुविलानं विचारलं.

"लगेच."

"पुढच्या घरी?"

"पुढच्या घरी मी कुणी विचारायच्या आधीच सांगून मोकळा झालो. त्याच्या पुढच्या घरी तर ते लोक फाटकाशी येऊन उभेच होते. कसं कळलं कुणास ठाऊक."

फोनच्या खोपट्यानं आपलं काम केलं होतं, दुसरं काय!

सुविलानं बग्गीत डोकावून पाहिलं. सीटवर बसायला जागाच नव्हती. बिटात मुरवलेल्या लाल अंड्यांची बरणी, सफरचंदाचा घट्ट मुरंबा, भोपळा, कुणाचे तरी विणलेले मोजे. रिकाम्या हातानं मुलीकडे जाऊ नये म्हणून एकेका घरानं काही ना काही टाकलं होतं. आणि सगळ्यांच्या वर, नुकतीच उपटलेली, मातीसकट, सेलरीची भलीमोठी जुडी.

"ही कुणी दिली?"

"शेजारच्या ग्लिक आजीनं. काही बोलली नाही. नुसती ठेवली आणि आत गेली."

सुविला कानाच्या पाळीपर्यंत लाल झाली. आमच्या लग्नाच्या पंगतीत टेबलाटेबलावर सेलरी लागते. ज्यांच्या वाफ्यात सेलरी फार, त्यांच्या घरी लग्न, हे शेंबडं पोरही सांगतं. ग्लिक आजीनं न बोलता बोलायचं ते सगळं बोलून घेतलं होतं.

"बस," ती म्हणाली. "चहा आणते."

एलम पायरीवर बसला आणि तांब्याभर चहा प्यायला, पाणी प्यावं तसा. पॉली डोळे मिटून उभी होती. तिच्या मते इथलं काम झालं होतं.

"आता परत कसा जाणार?" सुविलानं विचारलं.

"त्याच वाटेनं. दुसरी वाट कुठंय?"

"म्हणजे ही पुन्हा सगळीकडे थांबणार."

"थांबणारच."

"आणि सगळे पुन्हा विचारणार."

"हो."

"मग काय सांगशील?"

एलमनं रिकामा तांब्या पायरीवर ठेवला. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि या वेळी पाहतच राहिला. "ते मला एकट्याला ठरवता येत नाही, सुविला. येताना माझं मला सांगता आलं. जाताना काय सांगायचं ते तुझ्या हातात आहे."

सुविला उठून आत गेली. एलमचा चेहरा पडला. डॅटनं मॅमकडे पाहिलं, मॅमनं छताकडे. मग सुविला बाहेर आली ती बाहेर जाताना घालायचं काळं बॉनेट डोक्यावर चढवून, गाठ मारत मारत.

"अगं, कुठं निघालीस?" मॅम म्हणाली. "लोक काय म्हणतील?"

"लोकांना सांगायलाच निघालीय ती," डॅट म्हणाला. "गप बस."

तिनं पॉलीची दुसरी बाजू धरली. वाटेनं दोघांच्या मध्ये पॉलीचं भलंथोरलं डोकं होतं. उन्हं उतरली होती. ग्लिकांचं घर आलं आणि पॉली थांबली. गेल्या वर्षभरात सुविला या घरापुढून खाली मान घालून जायची, कारण आजी खिडकीतून "अरेरे, बिचारी" म्हणायची आणि ते रस्त्यापर्यंत ऐकू यायचं. आज दार ठोठावायच्या आधीच उघडलं. आजी ॲप्रनला हात पुसत पुढे आली. तिच्या मागे सुना, सुनांच्या मागे पोरं.

"काय गं सुविला? काय काम काढलंस?"

सुविलानं मान वर केली.

"आजी, हा माझ्याकडे आला होता. कुणी आणला नाही, स्वतः आला. आणि मी हो म्हटलंय."

हे एलमनं तिथंच, ग्लिकांच्या दारात, पहिल्यांदा ऐकलं. पॉली चालायला लागली, सुविला तिच्याबरोबर चालायला लागली, तरी तो आपला रस्त्यात उभाच, हलेना. शेवटी आजीनंच त्याला मागून ढकललं.